घर पाहावे की जमीन? मॉरिशसमधील दुसऱ्या घराविषयी एक संवाद

उष्ण कटिबंधातील एखाद्या बेटावर सुट्टी घालवायला जाणे आणि तिथे घर घेता येईल का याचा अंदाज घ्यायला जाणे ही दोन निराळी कामे असली, तरी व्यवहारात ती बहुधा एकाच फेरीत उरकली जातात, आणि त्यामुळे पाहणी करणारा माणूस पर्यटकाच्याच डोळ्यांनी घर पाहत राहतो. ज्या घरावर कुटुंबाचा रोजचा संसार अवलंबून नाही, जे वर्षातील काही आठवडे किंवा निवृत्तीनंतरचे काही महिने राहण्यासाठी घेतले जाते, त्याला येथे दुसरे घर म्हटले आहे. अशा खरेदीचे उदाहरण म्हणून मॉरिशसचा विचार करण्यास दोन कारणे आहेत. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तासांच्या अंतरावर असलेल्या या देशाने परकीयांना घरे विकण्याची व्यवस्था गेल्या दोन दशकांत कायद्याने उभी केली आहे. आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांच्या वंशजांचा मराठी समाज तिथे आजही नांदतो आहे, तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

पुढील संवादातील दोन भूमिका विवेचनासाठी कल्पिलेल्या आहेत. एक भूमिका पुण्यातील सनदी लेखापालांची असून परदेशी मालमत्तेचे व्यवहार तपासणे हा त्यांच्या कामाचा भाग आहे. दुसरी त्यांना महाविद्यालयात वाणिज्य भूगोल शिकवलेल्या निवृत्त प्राध्यापिकांची आहे. जुन्या नात्यामुळे संबोधने तशीच राहिली आहेत, मतभेद मात्र खरे आहेत.

लेखापाल : बाई, मॉरिशसविषयी पहिली गोष्ट ही लक्षात घ्यावी लागते की तिथे परकीयाला सरसकट जमीन विकत घेता येत नाही, कारण १९७५ च्या कायद्याने नागरिक नसलेल्यांच्या स्थावर खरेदीवर परवानगीचे बंधन घातले आहे. म्हणूनच २००२ मध्ये पहिली सवलतीची योजना आली, जिच्यात दहा हेक्टरांहून मोठ्या जागेवर विश्रामस्थळासारखी वसाहत उभारून तिथली घरे किमान ५ लाख अमेरिकी डॉलरना परकीयांना विकण्याची मुभा होती; २००७ मध्ये लहान जागांसाठी दुसरी योजना आली आणि २०१५ मध्ये या दोहोंच्या जागी एकच एकत्रित योजना लागू झाली. ठराविक किमतीहून अधिक गुंतवणूक करणाऱ्याला, मालमत्ता हाती असेपर्यंत, कुटुंबासह राहण्याचा परवाना मिळतो, आणि ती मर्यादा २०२० मध्ये ५ लाख डॉलरवरून ३ लाख ७५ हजारांवर आणली गेली. मालकी मुक्त असते, म्हणजे भाडेपट्ट्याची मुदत संपून घर परत करावे लागत नाही. ज्या कुटुंबाला मुलांच्या पुढील आयुष्यासाठी एक पाऊल देशाबाहेर हवे आहे, त्याला इतकी स्वच्छ लिहिलेली चौकट फार थोड्या बेटांवर सापडेल.

प्राध्यापिका : चौकट स्वच्छ आहे हे मान्य. पण ती २००२ मध्येच का आली, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. मॉरिशसची साखर अनेक वर्षे युरोपात ठरलेल्या कोट्यानुसार आणि जागतिक बाजाराहून बऱ्याच चढ्या भावाने विकली जात होती. १९७५ च्या लोमे करारातील साखरविषयक तरतुदींनी ही हमी दिली होती. युरोपीय संघाने साखरधोरण बदलायला घेतले तेव्हा हा आधार जाणार हे उघड झाले, आणि २००६ नंतरच्या काही वर्षांत हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरला. उसाखालच्या मोठ्या जमिनी ज्या थोड्या कंपन्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होत्या, त्यांना त्या जमिनीचा दुसरा उपयोग हवा होता. परकीयांसाठीच्या वसाहतींपैकी कितीतरी याच मळ्यांच्या जमिनीवर उभ्या आहेत. म्हणजे विकत घेणाऱ्यासमोर बंगला आणि पोहण्याचा तलाव असला, तरी त्याच्या पायाखाली उसाच्या अर्थव्यवस्थेचा शेवटचा अध्याय आहे.

लेखापाल : त्यात आक्षेपार्ह काय, हे स्पष्ट व्हायला हवे. ऊस परवडत नसेल तर जमीन पडीक ठेवण्यापेक्षा तिच्यावर घरे बांधली गेली, बांधकामात आणि देखभालीत माणसांना काम मिळाले, देशाला परकीय चलन मिळाले. जमीन पूर्वीही त्या कंपन्यांचीच होती. शेतमजुराच्या हातून ती कोणी काढून घेतलेली नाही.

प्राध्यापिका : आक्षेप जमीन विकण्यावर नाही, ती कोणाला विकली जाऊ शकते आणि कोणाला नाही, यावर आहे. या बेटावर जमीन तुकड्यांनी विकण्याचा याआधीही एक मोठा काळ येऊन गेला, आणि तो मराठी वाचकाने जाणून घ्यावा इतका महत्त्वाचा आहे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोर्ट लुई बंदरातील ज्या स्थानकात, म्हणजे आजच्या आप्रवासी घाटावर, सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर उतरले, त्यांत मुंबई बंदरातून आलेले, मुख्यतः कोकण आणि घाटमाथ्याकडचे मराठी लोकही होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत साखरेचे भाव पडले तेव्हा अडचणीतील मळेवाल्यांनी कडेकडेची, खडकाळ, कमी कसाची जमीन लहान तुकडे करून विकायला काढली. या तुकडेविक्रीला तिथे 'मोर्सेलमां' म्हणतात. ज्यांनी करारावर वर्षानुवर्षे काम करून चार पैसे गाठीला बांधले होते, त्या मजुरांनी आणि त्यांच्या मुलांनी ते तुकडे घेतले, त्यांवर ऊस आणि भाजी लावली, घर बांधले, देऊळ उभारले. भारतीय वंशाच्या मॉरिशियनांचे गावपण या खरेदीतून घडले. मजूर या ओळखीतून शेतकरी या ओळखीत जाण्याचा मार्ग तोच होता. त्याही वेळी साखर अडचणीत होती आणि आजही आहे, पण त्या वेळी तुकडा घेणारा माणूस बेटावरच राहणारा होता. आजच्या तुकड्याची किंमत डॉलरमध्ये मांडली जाते आणि बेटावर पगार मिळवणाऱ्या तरुण जोडप्याच्या ती आवाक्यात नाही. साखरेच्या दोन मंदींत जमिनीचे दोन वेगळे वारस ठरले, आणि दुसऱ्या वेळी स्थानिक माणूस रांगेतच नव्हता.

लेखापाल : पण बाई, परकीयांना स्थानिकांच्या बाजारात न सोडता वेगळ्या योजनांत अडकवणे हा स्थानिकांचे भाव वाचवण्याचाच उपाय नव्हे काय? किमान किमतीची अट नसती, तर परदेशी पैसा साध्या वस्त्यांत उतरला असता आणि परिणाम अधिक वाईट झाला असता.

प्राध्यापिका : कुंपणाने बाजार काही प्रमाणात वेगळा राहतो, हे खरे. पण जमीन एकच असते, गवंडी तेच असतात, रस्ता आणि पाण्याची वाहिनीही तीच असते. पश्चिम किनाऱ्यावरचा ब्लॅक रिव्हर जिल्हा घे. तामारँ आणि रिव्हिएर न्वार या परकीयांच्या आवडीच्या जागा याच जिल्ह्यात आहेत, आणि मराठी वंशाच्या कुटुंबांच्या काही जुन्या वस्त्याही याच जिल्ह्यात आहेत. एकाच डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या या दोन वस्त्यांचा एकमेकींवर परिणाम होणार नाही, असे मानणे भूगोलाला धरून नाही.

संवादाच्या या टप्प्यावर किनाऱ्याचा प्रश्न आला, कारण दुसरे घर घेणाऱ्याच्या मनात बहुधा समुद्रच असतो, आणि मॉरिशसच्या किनाऱ्यावरचा हक्क ही नकाशा पाहून कळणारी बाब नाही.

लेखापाल : समुद्राला लागून असलेली जागा दाखवली गेली, तर पहिला प्रश्न 'पा जिओमेत्रिक'चा विचारावा. फ्रेंच वसाहतीच्या काळापासून भरतीरेषेच्या आतील बाजूची किमान ८१.२१ मीटर रुंदीची पट्टी राज्याच्या मालकीची मानली गेली आहे. ती विकता येत नाही, केवळ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येते. किनाऱ्यावरचे कितीतरी सुट्टीतले बंगले अशा भाडेपट्ट्यावर उभे आहेत. तेव्हा विक्रेता मुक्त मालकी म्हणाला तरी ती घराच्या खालच्या सगळ्या जमिनीची आहे की समोरच्या हिरवळीचा भाग सरकारी पट्ट्यात मोडतो, हे कागदावर तपासलेच पाहिजे. ते काम नोतेरचे. फ्रेंच परंपरेतील हा नोटरी आपल्याकडच्या नोटरीसारखा केवळ सहीशिक्का करणारा अधिकारी नसतो. तो मालकीची साखळी पाहतो, खरेदीखत तयार करतो आणि त्याच्याशिवाय स्थावराचे हस्तांतर होत नाही.

प्राध्यापिका : कागदावरची रेषा स्थिर असते, भरतीची रेषा मात्र सरकते, आणि तुझ्या सगळ्या मोजमापाचा आरंभ तिच्यापासून होतो. मॉरिशसला बहुतेक बाजूंनी प्रवाळभित्ती आहे. तिच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या उथळ, शांत पाण्याला लगून म्हणतात. विक्रीच्या छायाचित्रातले निळे पाणी ते हेच. खुल्या महासागराची लाट भित्तीवर फुटते म्हणून वाळू टिकते. पाणी तापल्याने प्रवाळ पांढरे पडून मरू लागले की भित्ती झिजते, लाट पुढे येते, आणि मग मालक स्वतःच्या हद्दीपुरती भिंत बांधतो. त्या भिंतीवर आपटलेले पाणी शेजारच्या उघड्या किनाऱ्याची वाळू ओढून नेते, म्हणजे एका घराचे संरक्षण हे सार्वजनिक पुळणीचे नुकसान ठरते. २५ जुलै २०२० रोजी आग्नेय किनाऱ्यावर प्वांत देस्नीजवळ वाकाशिओ हे जहाज भित्तीवर चढले, आणि पुढे सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये पसरले. तेव्हा गावोगावच्या लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून लांबच लांब तरंगते बांध केले आणि तेल अडवले. लगून समोर आहे म्हणून घराची किंमत चढते, पण ते लगून राखणारी माणसे त्या किमतीत कुठेच नसतात. ही गोष्ट खरेदी करू पाहणाऱ्याने मनाशी नीट धरावी, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

लेखापाल : धोका कोणत्या किनाऱ्याला नाही? वादळाचा विमा असतो, बांधकाम काँक्रीटचे असते.

प्राध्यापिका : काँक्रीट का असते, तेही पाहा. १९६० च्या आरंभी अ‍ॅलिक्स आणि कॅरोल ही दोन चक्रीवादळे लागोपाठ आली आणि लाकडी घरे हजारोंनी कोसळली. त्यानंतर सपाट छपराची काँक्रीटची घरे ही या बेटाची रीत झाली. पण वारा पेलणारे घर पाणी पेलेलच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने वादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि मोठा पाऊस जानेवारी ते मार्चमध्ये पडतो. आपल्याकडची कुटुंबे दिवाळीच्या सुट्टीत जातात, जेव्हा तिथे पाऊस सर्वांत कमी आणि आकाश सर्वांत स्वच्छ असते. जून ते सप्टेंबरच्या हिवाळ्यात पूर्व किनाऱ्यावर आग्नेय व्यापारी वारे इतके सातत्याने वाहतात की तिथल्या ओसरीवर बसणे कठीण होते. पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला, उबदार आणि कोरडा असतो, पण कोरडा म्हणजेच पाण्याची चणचण असलेला. मध्यभागी कुरपीपचे पठार सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे थंडी आणि पाऊस. १८६५ चौरस किलोमीटरच्या बेटावर एवढे प्रकार आहेत. म्हणून घर पाहायला जायचे तर फेब्रुवारीत जावे, हॉटेलात न उतरता भाड्याच्या घरात राहावे, आणि नळाला पाणी किती तास येते, गच्चीवरची टाकी केवढी आहे, पावसाचे पाणी कुठून वाहून जाते, हे पाहावे. विक्रेत्याने सुचवलेल्या महिन्यात केलेली पाहणी ही पाहणीच नव्हे.

लेखापाल : हे पूर्णपणे पटण्यासारखे आहे, आणि त्याला भारतीय बाजूने एक जोड द्यावी लागेल, कारण बहुतेक ग्राहक मॉरिशसचे नियम वाचतात आणि आपल्याच देशाचे विसरतात. निवासी भारतीयाला परदेशी जे पैसे पाठवता येतात ते रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत. परवान्यासाठी लागणारे ३ लाख ७५ हजार डॉलर एका माणसाच्या एका वर्षाच्या मर्यादेत बसत नाहीत. पतिपत्नींची रक्कम एकत्र करता येते, पण मालमत्तेत दोघांचीही नावे असतील तरच. एका वर्षी काही रक्कम पाठवून ती तिथल्या खात्यात पुढच्या वर्षासाठी साठवून ठेवू, असा विचार काही जण करतात. परंतु न वापरलेला पैसा १८० दिवसांत परत आणण्याचे बंधन आहे. अशा खरेदीच्या प्रेषणासाठी भारतीय बँकेने कर्ज द्यायचे नसते, त्यामुळे सगळी रक्कम स्वतःचीच हवी. शिवाय वर्षाला १० लाख रुपयांपलीकडच्या रकमेवर बँक २० टक्के कर उगमाशीच गोळा करते. समजा पतिपत्नींनी प्रत्येकी दीड कोटी रुपये पाठवले, तर प्रत्येकी १ कोटी ४० लाखांवर २८ लाख, म्हणजे दोघांचे मिळून ५६ लाख रुपये आधी सरकारजमा होतात. हा खर्च नव्हे. विवरणपत्रात त्याची वजावट किंवा परतावा मिळतो, पण तोवर तो पैसा अडकून पडतो आणि घराच्या किमतीच्या हिशेबात तो कोणी धरलेला नसतो.

प्राध्यापिका : आणि तिथे भांडवली नफ्यावर कर नाही, ही जी जाहिरात होते तिचे काय?

लेखापाल : ती तिथल्या कराविषयी खरी आहे. भारतात निवासी असलेल्या माणसाला मात्र जगभरच्या उत्पन्नावर भारतात कर भरावा लागतो, त्यामुळे घर विकून झालेला नफा आणि मिळालेले भाडे इथल्या विवरणपत्रात येतेच. उत्पन्न एक रुपयाही नसले तरी परदेशी मालमत्ता विवरणपत्राच्या स्वतंत्र परिशिष्टात दाखवावी लागते; ती न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याने १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. वारसाहक्काकडे तर बहुतेकांचे लक्षच नसते. स्थावराला ते जिथे आहे तिथला कायदा लागतो, आणि मॉरिशसची दिवाणी संहिता फ्रेंच वळणाची असल्याने मुलांचा राखीव हिस्सा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. एक मूल असेल तर अर्धा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश. सगळे पत्नीच्या नावे, असे पुण्यात लिहून ठेवलेले मृत्युपत्र तिथल्या घरापुरते अपुरे पडते. हे सगळे जमवूनही खरेदी योग्य ठरू शकते, पण ती जमवण्यासाठी निदान एक वर्ष आधीपासून तयारी लागते, आणि सुट्टीच्या चौथ्या दिवशी आगाऊ रक्कम देऊन येणाऱ्याने त्यातले काहीच केलेले नसते.

प्राध्यापिका : मग ते वर्ष तिथेच का काढू नये? २०२० पासून तिथे एक वर्षाचा, नूतनीकरण होणारा आणि शुल्क नसलेला प्रीमियम व्हिसा आहे. उत्पन्न देशाबाहेरून येणाऱ्या माणसाला त्यावर राहता येते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने घर घेतले तर परदेशी स्थावराविषयीच्या आपल्या नियमांचे बंधनही त्याला लागू होत नाही, हे तुझ्याच क्षेत्रातले आहे. सगळे ऋतू पाहून होतील, बाजारात क्रिओल भाषा कानावर पडेल, आणि गणपतीत नदीवर किंवा समुद्रावर जाणाऱ्या मिरवणुकीत कोणाच्या तरी ओळखीने चालता येईल. आपली माणसे तिथे आहेत, असे इथला ग्राहक फार सहजपणे म्हणतो. ती माणसे पाच-सहा पिढ्यांपूर्वीच मॉरिशियन झाली आहेत, घरी बहुतेक क्रिओल बोलतात आणि मराठीपण त्यांनी स्वतःच्या कष्टाने, शाळा आणि मंडळे चालवून राखले आहे. कुंपणाच्या आत बंगला घेऊन त्या नात्यावर हक्क सांगणे उचित नाही.

लेखापाल : तर मग कुंपणाबाहेर घ्यावे. २०१६ पासून परकीयाला तळमजला अधिक दोन मजले किंवा त्याहून उंच इमारतीतील सदनिका, किमान ६० लाख मॉरिशियन रुपयांना, ठरलेल्या परवानगीने घेता येते. मोका किंवा कात्र बोर्नसारख्या आतल्या गावांत, स्थानिक शेजाऱ्यांत. मोक्याला महात्मा गांधी संस्था आहे, जिथे मराठीचेही अध्यापन होते. भरतीरेषेचा प्रश्न नाही, कुंपण नाही. एवढ्या किमतीला राहण्याचा परवाना मात्र मिळणार नाही.

प्राध्यापिका : भूगोलाच्या दृष्टीने ही निवड किनाऱ्यापेक्षा चांगली, यात शंका नाही. पण एवढ्याने पहिला आक्षेप मिटत नाही, उलट तो अधिक जवळ येतो. किनाऱ्यावरचा बंगला स्थानिक शिक्षिका घेणारच नव्हती. मोक्यातली सदनिका ती घेऊ शकली असती. तिच्याशी भावात चढाओढ करून, वर्षातले दहा महिने ती बंद ठेवणे हे शेजारपण होत नाही.

लेखापाल : बंद न ठेवता स्थानिक कुटुंबाला वार्षिक कराराने भाड्याने दिली, आणि स्वतः गेल्यावर त्याच गावात दोन महिने दुसरीकडे भाड्याने राहिले तर?

प्राध्यापिका : तर ते घर मालकाचे दुसरे घर राहिले नाही, दुसऱ्या कोणाचे तरी पहिले घर झाले. त्या अटीवर घेणारा ग्राहक तुझ्याकडे आला, तर त्याचे कागद अवश्य करून दे.

लेखापाल : बाई, अशा अटीवर घर घ्यायला तयार होणारी माणसे थोडी असतात, आणि उरलेल्यांनाही सल्ला द्यावाच लागतो. त्यांच्यासाठी फेब्रुवारीची फेरी आणि वर्षभराचा भाडेपट्टा या दोन अटी करारनाम्याच्या आधी घातल्या जातील. किनाऱ्याच्या पट्टीतले घर असेल, तर नोतेरकडून हद्द तपासून घेतल्याखेरीज पैसे पाठवण्याचा अर्ज भरला जाणार नाही.